ओढायचं हत्यार घरी, मोजायचं बाजारातून

वैशाली नगर, भिलाई
जूनचा दुसरा आठवडा

चि. बाळा,


तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. डब्यात काढलेलं तेल चहासारखं दुधाळ झालंय, म्हणजे आउटबोर्ड इंजिनाच्या गिअरकेसमध्ये पाणी शिरलंय यात शंका नाही. पंख्यामागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेला दिसतो. पाणी तिथूनच शिरलं असणार. तंगुसाचा धागा फिरत फिरत सीलच्या ओठाखाली जातो आणि रबर कापतो. बाहेरून काही कळत नाही. इंजीन चालू राहतं, होडी पळते, आणि आत बेअरिंगला गंज धरायला लागतो. तू ते मासेमारी बंद असतानाच उघडलंस हे फार बरं केलंस. ३१ जुलैपर्यंत वेळ आहे, घाई करू नकोस.

पूर्ण लोअर युनिटच बदला, असं तुला एका ठिकाणी सांगितलं म्हणतोस. मला ते पटत नाही. गिअरचे दाते फोटोत स्वच्छ दिसतात. काढलेलं तेल दोन बोटांत चोळून पाहा. राखाडी, मऊ गाळ लागला तर ती नेहमीची झीज. खडा किंवा चकाकणारी कपची लागली तर मात्र दाता किंवा बेअरिंग फुटलंय असं धर. कपची नसेल तर हे काम सील, ओ-रिंग आणि फार तर एखाद्या बेअरिंगचं आहे. तुझी अडचण एवढीच, की बेअरिंग हाउसिंग मिठानं धरून बसलंय आणि ते ओढून काढायचं हत्यार तुझ्याकडे नाही. ते आपण बनवू.

इथल्या माणसाला हत्यार बनवण्याचं भय वाटत नाही, त्याला कारण आहे. तुझे आजोबा मालवणहून इथे आले तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. सोव्हिएत संघाशी करार १९५५ सालचा, आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. यंत्रं रशियातली, सुटे भाग बोटीनं येणार, आणि भट्टी तर थांबवता येत नाही. म्हणून कारखान्याच्या पोटातच मशीन शॉप, फाउंड्री, फोर्ज शॉप. तुटलेला भाग टेबलावर ठेवायचा, मोजायचा, लाकडी साचा करायचा, ओतायचा, खरादायचा. आजोबांचं आयुष्य त्यात गेलं आणि माझंही. भिलाईला समुद्र नाही, पण विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’च्या बांधणीतल्या पोलादी प्लेट सेलच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेल्याच्या कारखान्यांतून गेल्या. २ सप्टेंबर २०२२ ला ती कोचीत नौदलात दाखल झाली, त्या दिवशी आमच्या गल्लीत कितीतरी निवृत्त माणसं टीव्हीसमोर ताठ बसली होती.

आता हत्याराकडे येतो. पुलर दिसायला सोपा असतो. दोन आकडे, एक आडवी पट्टी, मधोमध बोल्ट. आकडे हाउसिंगच्या आतल्या फासळ्यांत अडकवायचे, बोल्ट आवळायचा, हाउसिंग बाहेर. यात आधी पाहायचं ते हे, की बळ कुठून निघतं आणि कुठे जाऊन टेकतं. मधला बोल्ट पंख्याच्या शाफ्टच्या टोकावर टेकवलास तर तो शाफ्टला पुढे दाबतो, शाफ्टचा खांदा पुढच्या गिअरला दाबतो आणि गिअर त्याच्या बेअरिंगला. हाउसिंग हलक्या हातानं सुटणार असेल तर चालतं. पण मिठानं धरलेलं असेल तर तो सगळा भार पुढच्या बेअरिंगवर येतो, आणि सील बदलायला गेलेला माणूस बेअरिंग बिघडवून बसतो. म्हणून पट्टी गिअरकेसच्या काठावर टेकव, शाफ्टवर नको. काठ ॲल्युमिनिअमचा आणि पातळ, तेव्हा दोन्ही बाजूंना काठाच्या गोलाईप्रमाणे कापलेले सागवानी ठोकळे ठेव, भार पसरू दे.

आकड्यांसाठी बाजारातली साधी आट्यांची सळई वाकवू नकोस. १० मिलिमीटरची ४.६ दर्जाची सळई सुमारे १,४०० किलोच्या ओढीला ताणायला लागते, आणि वाकवलेला आकडा त्याच्या कितीतरी आधी उघडतो. ८.८ दर्जाचा त्याच मापाचा बोल्ट ३,७०० किलोच्या आसपास टिकतो. हे आकडे तुला मोठे वाटतील. पण १२ मिलिमीटरच्या बोल्टवर फूटभर पान्यानं १० किलोचा जोर लावलास तरी पुढे हजार किलोच्या वर ओढ तयार होते. म्हणून आकडा १० मिलिमीटर जाड पट्टीतून कापून घे, टोक कानशीनं फासळीच्या आकाराचं कर, आणि आतल्या कोपऱ्यात गोलाई ठेव. काटकोनी कोपऱ्यातूनच तडा जातो. सळई फक्त सरळ ओढीसाठी वापर, ८.८ ची, पट्टीला नटनं बांधून.

ओढ देऊन ठेवायची आणि थांबायचं. बोल्ट ताणलेला असताना हाउसिंगच्या कडेला तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीनं हलके टोले द्यायचे. मग पुन्हा पाव फेरा. मीठ कपचीसारखं तुटतं, खटकन आवाज येतो. तरी सुटलं नाही तर बाहेरून उष्णता. इथे मात्र माझं ऐकच. पोलाद तापताना रंग बदलून सांगतं, म्हणून आमच्यासारख्यांची नजर रंगावर बसलेली असते. ॲल्युमिनिअम काहीच सांगत नाही. शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो, आणि तोवर त्याच्यावर लाली दिसत नाही. तेव्हा ब्लोलॅम्प एका जागी धरू नकोस. उकळतं पाणी बाहेरच्या भिंतीवर ओत. भागलं नाही तरच ज्योत, तीही फिरती, आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र झालं की बंद. ७५ मिलिमीटरचं भोक आतल्या हाउसिंगपेक्षा ८० अंशांनी जास्त तापलं तर सुमारे ०.१४ मिलिमीटरनं मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण मिठाची पकड सोडवायला तेवढं पुष्कळ. आतलं हाउसिंग तापायच्या आत ओढायला हवं, म्हणून पुलर आधी ताणून ठेव आणि मग पाणी ओत.

पिनिअनचा, म्हणजे उभ्या शाफ्टच्या टोकावरच्या लहान गिअरचा, नट सोडायला दुसरं हत्यार लागेल. तो आत अंधारात बसलेला असतो, पाना फिरवायला जागा नसते. तेव्हा नट धरायचा आणि वरचा ड्राइव्ह शाफ्ट फिरवायचा. शाफ्टच्या टोकाला स्प्लाइन आहेत. पक्कड किंवा पाइप पाना लावलास तर स्प्लाइन गेले, आणि मग खरोखरच नवं युनिट घ्यावं लागेल. तुझ्याकडच्याच कुणाकडे त्याच मॉडेलचं फुटकं इंजीन पडलेलं असेल. त्याच्या क्रँकशाफ्टचं खालचं टोक कापून आण, त्यात आतून तेच स्प्लाइन असतात. त्याच्या पाठीवर मोठा नट वेल्ड केलास की तुझा सॉकेट तयार. नट धरायचा पाना घासून पातळ कर आणि तो जिथे भिंतीला टेकेल तिथे जाड चामडं घाल. नट परत बसवताना जुना नको, नवाच घे.

सील बसवायचा ड्रायव्हर मी इथून पाठवतो. नंदिनी रोडच्या लाइट इंडस्ट्रियल एरियात माझ्या ओळखीचा खरादवाला आहे, नायलॉनच्या गोल दांड्यातून काढून देईल. दाब सीलच्या बाहेरच्या धातूच्या कड्यावरच यायला हवा, रबरावर कधीच नाही. ड्रायव्हरला एक पायरी ठेवतो. ती हाउसिंगला टेकली की सील ठरलेल्या खोलीवर बसलं असं समज, पुढे ठोकायचं नाही. जुनं सील काढण्याआधी दोन गोष्टी कर. सीलचे ओठ कोणत्या बाजूला आहेत याचं चित्र कागदावर काढ, कारण तिथे बहुधा एकापाठोपाठ दोन सील असतात आणि त्यांची दिशा नंतर आठवत नाही. आणि व्हर्निअरनं खोली मोज. ज्या जागी सीलचा ओठ फिरत होता तिथे शाफ्टवर नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय, आणि नवं सीलही गळेल.

आता मी जे सांगणार आहे त्यावर तू कदाचित माझ्याशी वाद घालशील, पण मी अनेक वर्षं विचार करून या मताला आलोय. ओढणारं, धरणारं, दाबणारं हत्यार घरी बनवावं. मोजणारं बनवू नये. पुलर जरा वाकडा असला तर फार तर तो निसटेल. मोजमाप वाकडं असलं तर ते काहीच कळू देत नाही. गिअरच्या पाठीमागे ज्या पातळ शिम असतात त्या ज्या जागेवरून निघतील त्याच जागी परत घालायच्या, दोऱ्यात ओवून, चिठ्ठी बांधून. बेअरिंग किंवा गिअर बदललास तर मॅन्युअलमधलं माप आणि बाजारातला डायल गेज, दुसरं काही नाही. डायल गेज धरायला होज क्लॅम्प आणि सळईचा दांडा घरचा चालेल. थंड पेयाचा डबा कापून शिम करणारे लोक मी पाहिलेत. दात्यांची पकड दात्याच्या मध्यावर आहे की टोकावर, हे केसाएवढ्या फरकानं ठरतं. तुझ्या युनिटमध्ये १३ दात्यांचा पिनिअन आणि २७ दात्यांचा गिअर असेल तर प्रमाण २.०८ येतं. १३ आणि २७ ला सामाईक भाजक नाही, म्हणून पिनिअनचा एक दाता फिरत फिरत गिअरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. दाते एवढ्या विचारानं ठरवलेत. आपण त्यांना पत्र्याच्या तुकड्यावर उभं करायचं का?

हे आउटबोर्ड इंजीन मुळात ज्यानं लोकांच्या हाती दिलं तो ओले एव्हिनरूड लाकडी साचे बनवणारा होता, नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत मिलवॉकीला राहणारा. १९०९ साली त्याचं इंजीन विकायला आलं. वर इंजीन, मधून उभा शाफ्ट, खाली तिरक्या दात्यांचे गिअर आणि पंखा. आजही रचना तीच. साचे बनवणाऱ्याला भाग आतून कसा दिसतो हे आधी मनात पाहावं लागतं. आजोबा पॅटर्न शॉपमधल्या लोकांना फार मानत, ते याचसाठी.

सगळं बसवल्यावर तेल भरण्याआधी हवेची परीक्षा कर. एक जादा ड्रेन प्लग घे, त्याला मधून भोक पाड आणि सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डाख देऊन बसव. पायपंप लावून चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब भर, त्याहून जास्त नको, सीलचे ओठ उचलतात. गेज विकतचाच. मग सगळं युनिट पाण्याच्या पिंपात बुडव आणि दोन्ही शाफ्ट हातानं सावकाश फिरव. बुडबुडा आला तर कुठून आला ते डोळ्यांनी दिसेल. अर्धा मीटर खोल पाण्याचा दाब तर जेमतेम ०.०५ किलो, मग एवढी परीक्षा कशाला, असं तू विचारशील. चालून चालून तेल आणि केस तापतात, आतली हवा फुगते. किनाऱ्याला येऊन इंजीन बंद केलंस की केस थंड पाण्यात भराभर निवते, आतली हवा आकसते आणि केस पाणी ओढून घेते. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा होडी उभी असताना. म्हणून शक्य असेल तर उलट, हवा ओढूनही पाहा. सिरिंज आणि नळी पुरेशी होते.

पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर आत्ताच बदलून टाक. युनिट खाली उतरवलंय, पुन्हा त्यासाठी उतरवू नकोस. पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून, साबणाचं पाणी लावून बसव. तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून हवेचा बुडबुडा न येता तेल येईपर्यंत. आधी वरचा प्लग बंद, मग खालचा. जस्ताच्या ठोकळ्याला रंग लावू नकोस, रंग लावला की तो काही काम करत नाही आणि समुद्र ॲल्युमिनिअमच खायला लागतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर थोडं तेल काढून पाहा. स्वच्छ असेल तरच कर्लीच्या खाडीबाहेर जा.

हे सगळं मी एवढं लांबवून का लिहितोय ते तुला कळत असेल. दुर्गला शिवनाथेला पूर येतो तेव्हा बचाव पथकाच्या रबरी बोटींच्या पाठीवरही असंच इंजीन असतं. पंखा थांबला की नदी नेईल तिकडे बोट जाते. तुझ्या होडीत तर तुझे बाबा असतात, कधी रापणीवरची पोरं असतात, हंगामात पर्यटकांची लहान मुलं असतात. देवबागच्या मुखाशी ओहोटीची धार किती ओढते ते मी पाहिलंय. गिअरकेस नीट झालं तरी दोन वल्ही होडीतून काढू नकोस, भावोजींनाही माझ्या नावानं सांग.

सीलचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि बसायची खोली, तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये, दशांशासह कळव. हाउसिंगच्या फासळ्यांमधलं अंतरही मोज. मापं आली की आठवड्यात ड्रायव्हर आणि आकड्यांची पट्टी खरादून पार्सल करतो. होडी शाकारून ठेवली असशील, तरी गिअरकेस तिथे ठेवू नकोस, घरात कोरड्या जागी आण आणि उघड्या बेअरिंगवर तेल सोड, पावसाळी हवेत एका रात्रीत गंज चढतो.

ताईला नमस्कार, भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर फोटोत अर्धाच आलाय. पुसून पुन्हा फोटो काढ, मॅन्युअलचं नेमकं पान त्याशिवाय सापडणार नाही.