खोडलेलं नाव, जपलेली नक्कल

एडिसन, न्यू जर्सी

ती. सौ. अक्कास,


परवा फोनवर तू एकच गोष्ट तीनदा विचारलीस : “केस काढून टाकली ना कोर्टाने? मग आता कागद कशाला गोळा करतोय?” तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण तुझे चिरंजीव शेजारीच बसले होते. म्हणून हे पत्र. यात त्याचं नाव मुद्दाम कुठेच लिहिलेलं नाही. एकदा लिहिलेलं नाव कुठेकुठे जाऊन बसतं, त्याचीच ही हकीकत आहे.

घडलं ते एवढंच. दोन हिवाळ्यांपूर्वी मॉलमधल्या एका दुकानात, जिथे गिऱ्हाइकानेच माल यंत्रापुढे धरून पैसे भरायचे असतात तिथे, चिरंजीवांनी चार वस्तूंपैकी तीनच धरल्या. हातमोज्यांची जोडी पिशवीत तशीच गेली. दाराशी दुकानाच्या माणसाने अडवलं, पोलीस आले, ठाण्यात बोटांचे ठसे झाले आणि हातात समन्स ठेवून त्याला सोडून दिलं. दुकानातून 200 डॉलरच्या आतला माल उचलल्याचा आरोप न्यू जर्सीत किरकोळ गुन्ह्यात मोडतो. तरी कायद्याच्या पुस्तकात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 1,000 डॉलरपर्यंत दंड आहे. खटला चालतो गावच्या म्युनिसिपल कोर्टात, जिथे पुढच्या बाकावर सिग्नल तोडलेली मंडळी बसलेली असतात.

तिथे सरकारी वकिलाने एक गोड तोडगा पुढे केला. पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी 2014 पासून या राज्यात ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सोय आहे. आधी गुन्हा कबूल करायचा, वर्षभर देखरेखीखाली नीट वागायचं, मग केस रद्द. इथे जन्मलेल्या पोराला हा तोडगा म्हणजे देवच पावला. चिरंजीव सही करायलाच निघाले होते. त्यांना थांबवलं ते दुसऱ्या वकीलबाईंनी, कारण त्यांनी पहिला प्रश्न केला तो व्हिसाचा.

गोम अशी आहे. 1996 साली अमेरिकी काँग्रेसने इमिग्रेशन कायद्यात ‘दोषी’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या घातली. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने त्याच्यावर काहीही बंधन घातलं, की परक्या देशाच्या नागरिकापुरता तो दोषी. राज्याने पुढे केस रद्द केली तरी फरक पडत नाही. 1999 मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने रोल्डान प्रकरणात हेच ठाम केलं : राज्याने पुनर्वसनाच्या कायद्याखाली पुसलेला ठपका केंद्राच्या लेखी पुसला जात नाही. फौजदारी वकिलांना हे गणित माहीत नसे. शेवटी 2010 मध्ये पडीया विरुद्ध केंटकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. वकीलबाईंच्या सांगण्यावरून चिरंजीवांनी कबुली दिली नाही. पुढच्या दोन तारखांना दुकानाचा साक्षीदार फिरकला नाही आणि केस निर्भेळ रद्द झाली.

घरी पेढे आले. त्याच संध्याकाळी त्याने जाहीर केलं, “आता ही अटकच खोडून टाकतो.”

हे खोडणं इथे खरोखर होतं. आरोप रद्द झाला असेल तर न्यू जर्सीत त्यासाठी फीसुद्धा लागत नाही. म्युनिसिपल कोर्ट कागद देतं, वरचं सुपीरियर कोर्ट हुकूम काढतं. हुकूम निघाला की कायद्याच्या नजरेत अटक झालीच नव्हती. घरमालकाने विचारलं, बहुतेक मालकांनी नोकरीसाठी विचारलं, तर ‘नाही’ म्हणायला तो मोकळा. पोलीस खात्यात किंवा न्यायखात्यात नोकरी मागितली, तर मात्र सांगावं लागतं. पण त्याच कायद्यात खोडण्याची व्याख्या वाचली तर गंमत कळते. कागद फाडायचा किंवा जाळायचा, असं त्यात कुठेही नाही. तो नेहमीच्या दप्तरातून काढून, मोहोरबंद करून वेगळा ठेवायचा. आजी घरातली अडगळ माळ्यावर टाकायची, तशातलाच हा प्रकार. वस्तू घरातच असते, पाहुण्यांना दिसत नाही.

म्हणून वकीलबाई म्हणाल्या, खोडण्याआधी शोधा. नोंद आहे तरी किती ठिकाणी?

शोधायला निघाल्यावर हातमोज्यांचा पसारा कळला. पोलीस ठाण्यात अटकेचा अहवाल. म्युनिसिपल कोर्टात तक्रार आणि निकाल. ठशांची एक प्रत राज्य पोलिसांकडे आणि तिथून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग गावी, एफबीआयच्या कोठारात. यातली प्रत्येक नोंद स्वतःची स्वतः मागवता येते, फक्त खिडक्या वेगवेगळ्या. कोर्टाचा निकाल तिथल्या कारकुनाकडून सही-शिक्क्यानिशी मिळतो. राज्य पोलीस ठसे घेऊन राज्यातला इतिहास देतात. एफबीआय 18 डॉलर आणि ठशांचं कार्ड घेऊन देशभरातला देते.

एफबीआयचा कागद आला तेव्हा चिरंजीव पांढरे पडले. अटकेची तारीख होती, कलम होतं आणि निकालाची जागा कोरी होती. हे काही त्याच्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही. 2006 मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या अहवालातच नमूद होतं, की एफबीआयकडच्या अटकांपैकी जेमतेम निम्म्यांपुढे अंतिम निकाल लिहिलेला आहे. गावचं पोलीस ठाणं ठसे तत्परतेने पाठवतं. महिन्यांनी लागलेला निकाल पाठवायची तेवढी घाई कुणालाच नसते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. तो डिसेंबरात घरी येणार, म्हणजे मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का घेणं आलं. व्हिसाच्या अर्जात थेट प्रश्न असतो : तुम्हाला कधी अटक झाली आहे का, मग पुढे माफी मिळालेली असली तरी? न्यू जर्सी म्हणते अटक झालीच नाही, पण या रकान्यात त्याने ‘होय’ लिहायचं. अधिकाऱ्याच्या पडद्यावर ठशांमुळे ती दिसू शकते, आणि दिसली की तो निकालाचा कागद मागतो. नोंद आधीच खोडून घेतलेली असेल, तर कोर्टाचा कारकून सांगणार, अशी केसच आमच्याकडे नाही. सुटकेचा पुरावा माळ्यावर आणि अटकेचा पडद्यावर! ‘नाही’ लिहिणं तर त्याहून महाग पडतं. रद्द झालेल्या चोरीच्या आरोपाने सहसा कुणाचं दार बंद होत नाही, पण जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाने आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतं. पुढेमागे नागरिकत्वाचा अर्ज भरायची वेळ आली, तरी हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

राहिली लोकांच्या तोंडची नोंद. न्यू जर्सीत अटक झालेल्याचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण ही उघड माहिती असते आणि साधारण 24 तासांत मागेल त्याला मिळते. स्थानिक पत्रांची पोलीस-वार्ता त्यावरच चालते. कोर्टाचा हुकूम सरकारी दप्तरांना बांधतो, छापून गेलेल्या बातमीला नाही. 2011 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. निवडणुकीच्या पत्रकांत एका कार्यकर्त्याची जुनी, खोडलेली शिक्षा छापली गेली होती आणि त्याने बदनामीचा दावा लावला. न्यायालय म्हणालं, खोडण्याच्या हुकुमाने इतिहास बदलत नाही, आणि छापलं ते खरं असेल तर छापणाऱ्याला तो बचाव मिळतो.

वर्तमानपत्रंच आता थोडी विरघळू लागली आहेत. ‘क्लीव्हलंड डॉट कॉम’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने 2018 मध्ये, ‘बॉस्टन ग्लोब’ने 2021 मध्ये जुन्या किरकोळ बातम्यांतली नावं काढण्याचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. 2021 मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात उलट्या दिशेचा प्रवासी आला : भारतीय वंशाचा अमेरिकी नागरिक. भारतभेटीत 2009 साली अमली पदार्थांच्या खटल्यात अडकला आणि खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कोर्टांतून सुटला. तरीही अमेरिकेत नोकरी देणारे नेटवर तो निकाल वाचत आणि त्याला परत पाठवत. न्यायालयाने अंतरिम हुकूम देऊन तो निकाल गूगलच्या शोधातून काढायला लावला. त्याचंही नाव इथे लिहीत नाही. ज्यासाठी तो कोर्टात गेला, त्यावर या पत्राने पाणी पडायला नको.

तर अक्का, सध्या बेत असा आहे. येत्या सोमवारी चिरंजीव म्युनिसिपल कोर्टात जाऊन निकालाच्या चार नकला आणि तक्रारीच्या चार नकला उठावाच्या शिक्क्यासह घेतील. एक संच वकीलबाईंकडे, एक त्याच्या खणात, एक आमच्या घरी. ते हातात पडले की मगच खोडण्याच्या कागदांवर सही. तो हुकूम निघाला तरी राज्य पोलिसांकडे अंमल व्हायला किती वेळ जाईल, सांगता येत नाही. या दिरंगाईवरून खुद्द राज्याच्याच पब्लिक डिफेंडर कार्यालयाने 2023 मध्ये त्यांना कोर्टात खेचलं होतं.

चौथा संच तुझ्याकडे येतोय. गोदरेजच्या कपाटात, त्याच्या पत्रिकेच्या पिशवीत ठेव. भावजींना सांग, हौसेने लॅमिनेट करून आणू नका. वकिलातीच्या खिडकीतला माणूस त्या शिक्क्यावरून बोट फिरवून बघतो.

तुझा,
धाकटा