छातीवरची वस्ती

बचाव करणाऱ्याचें यश मुळांत अदृश्य असतें. झालेल्या गोलांचा हिशेब सारें जग ठेवतें. न झालेल्या गोलांची वही कोणी ठेवीत नाहीं. म्हणूनच ब्राझीलच्या काफूचें चरित्र आम्हांस विशेष मननीय वाटतें.

१९७० सालीं जन्मलेला हा साओ पाउलो शहराच्या जार्दिम इरेने या दरिद्री वस्तींतला मुलगा. लहानपणीं अनेक क्लबांनीं त्यास नाकारलें. पुढें साओ पाउलो क्लबाकडून तो १९९२ व १९९३ सालीं दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला. नंतर इटलींत रोमा आणि मिलान. म्हणायला उजवीकडचा बचाव करणारा, पण मैदानाची ती सारी कड त्याच्या धांवेखालीं असे. १९९४, १९९८ व २००२ अशा लागोपाठ तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत खेळलेला तो एकटाच. देशासाठीं सामने १४२.

परंतु आमचें मन घुटमळतें तें योकोहामा येथें. २००२ सालीं जर्मनीस २-० असें हरवून कर्णधार काफूनें चषक उंचावला, तेव्हां त्याच्या सदऱ्यावर लिहिलेलें होतें: ‘शंभर टक्के जार्दिम इरेने’.

वैभव आलें कीं जन्मस्थान हळूच गाळण्याची रीत आम्ही भोंवतीं रोज पाहतों. गांव विचारलें असतां शेजारच्या मोठ्या शहराचें नांव पुढें करणारे सज्जन कोणास ठाऊक नाहींत? काफूनें मात्र जें नांव इतरांनीं लपविलें असतें, तेंच छातीवर मिरविलें. जन्मभर संघाची लाज राखणाऱ्या त्या माणसानें त्या दिवशीं आपल्या वस्तीचीहि राखली. हा त्याचा बचाव मात्र साऱ्या जगास दिसला.