भारतीय पासपोर्टवर स्लाउचे मतदान

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापलीकडे वसलेल्या स्लाउ शहराचा कारभार स्लाउ बरो कौन्सिल पाहते. शहराला बरोचा दर्जा १९३८ मध्ये मिळाला. १९७४ च्या फेररचनेत ते बकिंगहॅमशरमधून बर्कशरमध्ये गेले आणि १९९८ पासून शाळा, रस्ते, ग्रंथालये, कचरा, वृद्धांची देखभाल अशी सारी स्थानिक कामे या एकाच कौन्सिलकडे आली. भारतीय नजरेला ही नगरपालिकाच वाटते. परंतु इंग्लंडमधील अशा कौन्सिलांचा मोठा खर्च रस्ते-गटारांवर नव्हे, तर परावलंबी वृद्ध, अपंग आणि निराधार मुले यांच्या देखभालीवर होतो. ज्याच्या घरी ही गरज नाही त्याला हा खर्च दिसतच नाही. त्याला दिसतो दारातला कचऱ्याचा डबा, आणि प्रचारातही बोलणे बहुधा त्याच्यावरच येऊन थांबते.

४ मे २०२३ च्या निवडणुकीत डब्याच्या जोडीला एक जड विषय होता. जुलै २०२१ मध्ये कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली होती. १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्यातील हे कलम म्हणजे तिजोरी रिकामी झाल्याची कबुली असते. कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा सोडून नवा खर्च करता येत नाही. स्लाउवर सुमारे ७६ कोटी पौंडांचे कर्ज होते. वर्षअखेर केंद्र सरकारने देखरेखीसाठी आयुक्त नेमले. ६० कोटी पौंडांपर्यंतच्या मालमत्ता विकण्याचे ठरले आणि २०२३-२४ साठी कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, विशेष परवानगीने ९.९९ टक्क्यांनी वाढवण्यात आली. पूर्वी स्लाउमध्ये एकतृतीयांश जागांसाठी आळीपाळीने निवडणूक होई. या वेळी नव्या प्रभागरचनेनुसार सर्व ४२ जागा एकदम लढवल्या गेल्या. सरकारी आयुक्त डोक्यावर असूनही निवडणूक ठरल्या दिवशी झाली, हे नमूद करण्याजोगे आहे. त्याच महिन्यात मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपून वर्ष उलटले होते आणि दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार चालू होता.

प्रस्तुत लेखक त्या वेळी स्लाउचा रहिवासी आणि तिथला मतदार होता, तोही भारतीय पासपोर्टवर. ब्रिटिश कायद्यानुसार राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर राहत असेल तर त्याला मतदारयादीत नाव नोंदवता येते, आणि कौन्सिलबरोबर संसदेसाठीही मतदान करता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावे लागत नाही. नोकरीच्या व्हिसावर हिंजवडीहून आलेला संगणक अभियंता पत्ता लागताच मतदार होऊ शकतो. उमेदवारीची अट मात्र कडक आहे. तिला कायम वास्तव्याचा परवाना लागतो. या हक्काचा उगम साम्राज्याच्या काळातला. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ पासून १९४७ पर्यंत लंडनच्या सेंट पँक्रस बरोचे नगरसेवक होते, तेही याच वाटेने. उलट परदेशी राहणाऱ्या भारतीयाला स्वतःच्या देशात मत द्यायचे तर त्याला आपल्या मतदारसंघात प्रत्यक्ष हजर व्हावे लागते. त्यामुळे स्लाउमधल्या अनेक मराठी घरांत पुण्या-नाशिकच्या राजकारणावर रात्र रात्र वाद होतात आणि मत पडते ते चाल्व्ही किंवा लँगलीच्या प्रभागात. अर्थात यादीत नाव घालण्याचा कंटाळा करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे वाद जास्त लांबतात.

उमेदवारीसाठी अनामत रक्कम नसते. प्रभागातील दोन मतदारांच्या सह्या पुरतात. खर्चाची मर्यादा त्या वर्षी ८०६ पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे ७ पेन्स अशी होती. पाच हजार मतदारांच्या प्रभागात ती साडेअकराशे पौंडांच्या आसपास जाते. एवढ्या पैशात पत्रके छापून होतात, फार तर. म्हणून प्रचार पायी होतो. भोंगे नाहीत, कमानी नाहीत, फ्लेक्स नाहीत. संध्याकाळी दार वाजते, छातीला पक्षाच्या रंगाची फीत लावलेले दोघे उभे असतात आणि नाव विचारून थेट प्रश्न करतात: मत कोणाला देणार? भारतीय माणसाला हा प्रश्न उद्धट वाटतो. प्रस्तुत लेखकाने सुरुवातीला ‘बघू’ असे मोघम उत्तर दिले, तेही निमूटपणे यादीत टिपले गेले. या टिपणांचा हेतू मन वळवणे हा नसतोच. आपले मतदार कोण हे हुडकून काढायचे आणि मतदानाच्या दिवशी त्यांना घराबाहेर काढायचे, एवढेच काम असते. कौन्सिलच्या निवडणुकीत साधारण तिघांपैकी एकच मतदार मत देतो. तिथे आपली माणसे केंद्रापर्यंत पोचवणे हीच निम्मी निवडणूक.

मतदान गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. सुटी नसते, लोक कामावर जाता-येता मत देऊन जातात. केंद्र शाळेत, चर्चच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात असते. पोलीस सहसा दिसत नाही, कुत्री दिसतात. मालकासोबत आलेल्या कुत्र्याला आत सोडायचे की नाही, हे केंद्राध्यक्ष ठरवतो. दाराशी पक्षांचे कार्यकर्ते खुर्च्या टाकून बसतात आणि येणाऱ्याचा मतदार क्रमांक विचारतात. तो सांगणे बंधनकारक नाही, पण बहुतेक जण सांगतात. ज्या समर्थकांचे क्रमांक अजून आले नाहीत त्यांची दारे संध्याकाळी पुन्हा ठोठावली जातात.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये प्रथमच मतदाराला छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागले. २०२२ च्या निवडणूक कायद्याने ही अट आली. चालणाऱ्या कागदपत्रांत राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट होते; वृद्धांचा बसपास चालत होता, तरुणांचे रेल्वे सवलतपत्र मात्र चालत नव्हते, आणि या भेदावर योग्यच टीका झाली. इंग्लंडभर सुमारे चौदा हजार लोक ओळखपत्राअभावी परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या एका मराठी आजोबांनी पासपोर्टसोबत लाइट बिल आणि बँकेचे पासबुकही पिशवीतून काढले. टेबलामागच्या बाईंनी फक्त पासपोर्ट उघडला, चेहरा पाहिला आणि मतपत्रिका दिली.

मतपत्रिका कागदी. प्रभागात दोन जागा असल्याने दोन फुल्या मारता येतात, आणि त्या दोन वेगळ्या पक्षांना दिल्या तरी चालते. महाराष्ट्रातील बहुसदस्यीय प्रभागाप्रमाणे प्रत्येक जागेची वेगळी निवडणूक किंवा आरक्षण इथे नाही. सर्व उमेदवारांची एकच यादी, आडनावाच्या वर्णक्रमाने. आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. ती खोडता येईल या शंकेने काही जण स्वतःचे पेन आणतात, त्याला मनाई नाही. बोटाला शाई लागत नाही. मत गुप्त असते, पण पूर्णपणे नव्हे: प्रत्येक पत्रिकेवर क्रमांक असतो आणि तो कोणत्या मतदाराला दिला याची यादी ठेवली जाते. ती मोहोरबंद राहते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही.

अशी नोंद कशासाठी ठेवायची, याचे उत्तर स्लाउच्याच इतिहासात सापडते. २००७ मध्ये सेंट्रल प्रभागात लिडिया सिमन्स पराभूत झाल्या. १९८४ मध्ये स्लाउच्या महापौर झालेल्या सिमन्स या ब्रिटनमधील पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर. निकालाला आव्हान दिले गेले तेव्हा यादीत बनावट मतदार घुसवून त्यांच्या नावाने टपाली मते टाकल्याचे उघड झाले. २००८ मध्ये निवडणूक न्यायालयाचे आयुक्त रिचर्ड मॉरी यांनी निवड रद्द ठरवली, आणि पुढल्या वर्षी विजयी उमेदवाराला साडेतीन वर्षांची कैद झाली. त्या काळी कुटुंबप्रमुख एका अर्जावर घरातल्या सगळ्यांची नावे भरत असे. प्रत्येकाने स्वतःची नोंद स्वतः करण्याची पद्धत २०१४ मध्ये आली.

मोजणी हाताने होते. उमेदवारांचे प्रतिनिधी टेबलाभोवती उभे राहून पाहू शकतात आणि प्रस्तुत लेखकाला ही संधी मिळाली. कागदाला हात लावायचा नाही, मात्र नजर कुठेही पोचू शकते. आधी पेटीतल्या पत्रिकांची संख्या केंद्राच्या हिशेबाशी जुळवतात. एकाच पक्षाच्या दोन्ही उमेदवारांना मत असलेल्या पत्रिकांचे गठ्ठे भराभर होतात. वेळ खातात त्या मिश्र पत्रिका: इथे एक फुली कामावर खूश होऊन, दुसरी पक्षावर रागावून. संशयास्पद पत्रिका सर्व प्रतिनिधींसमोर ठेवून निवडणूक निर्णय अधिकारी निवाडा करतो. फुलीऐवजी बरोबरची खूण असली, तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरले जाते. मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले असेल तर ते बाद होते. मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो.

स्लाउचा निकाल देशाच्या विरुद्ध दिशेने गेला. त्या दिवशी ऋषी सुनक यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने इंग्लंडभर हजाराहून अधिक जागा गमावल्या. स्लाउमध्ये त्याच पक्षाने २१ जागा मिळवल्या. २००८ पासून सत्तेत असलेल्या लेबर पक्षाला १८ आणि लिबरल डेमोक्रॅट्सना ३ जागा मिळाल्या. कारण लांब शोधायला नको: दिवाळखोरी लेबरच्या कारकिर्दीत झाली होती आणि वाढीव कराचे बिल नुकतेच घरोघर पडले होते. ४२ पैकी २१ म्हणजे नेमके निम्मे, बहुमत कोणालाच नाही. सत्ता कॉन्झर्व्हेटिव्ह गटाकडे गेली, पण सरकारी आयुक्त आपल्या जागी कायम राहिले. नव्या सत्ताधाऱ्यांना तिजोरीची किल्ली मिळाली ती देखरेखीसकट.

निवडून आलेल्यांनी पदस्वीकृतीवर सही केल्यावर वार्षिक सभेत कौन्सिलचा नेता आणि महापौर निवडले जातात. खरा अधिकार नेत्याकडे असतो. महापौर गळ्यात साखळी घालून सभा चालवतो आणि समारंभांना जातो. नगरसेवकांना पगार नसतो, भत्ता मिळतो, त्यामुळे बरेच जण नोकरी सांभाळून हे काम करतात. मुदत चार वर्षांची. मान्य कारणाशिवाय सलग सहा महिने एकाही सभेला न येणाऱ्याचे पद आपोआप जाते, आणि मधेच जागा रिकामी झाली तर प्रभागातील दोन मतदारांनी लेखी मागणी करताच पोटनिवडणूक घ्यावी लागते.