पावशा काय सांगतो?

वाचकहो, उन्हाळा सरत आला, आंब्याला पाड लागून गेला, नांगरटीची ढेकळे तापून तापून फुटायला लागली, की एक पाखरू ओरडू लागते. पहाटे ओरडते, भर दुपारी ओरडते आणि चांदणे असले तर रात्रीही त्याला झोप नसते. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा चढी. चढता चढता आवाज फाटतो की काय असे वाटते आणि मग एकदम गप्प. घटकाभराने पुन्हा सुरू. तुम्ही ओळखलेच असेल. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणणारा आपला पावशा.

या पाखराशी माझे चाळीस वर्षे वैर होते. ते कसे जडले आणि कसे मिटले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

साल १९८२. मी सातवीत होतो. आमचे गाव मराठवाड्यात, बालाघाटाच्या डोंगराजवळ. रान मुरमाड, विहिरीला पाणी बेताचे. मृग निघाला आणि पहिल्याच आठवड्यात एक सर बऱ्यापैकी पडली. बांधावरच्या बाभळीत पावशा सारखा ओरडत होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिफण बाहेर काढली. चाड्यावर आई होती. दोन दिवसांत संकरित ज्वारी आणि मूग पेरून झाले. मग पाऊस गेला तो गेलाच. तीन आठवडे ढग यायचे आणि वाऱ्याबरोबर निघून जायचे. उगवले ते करपले, न उगवले ते मुंग्यांनी नेले. दुबार पेरणीला बी आणायचे, तर घरात पैसा नव्हता. आईच्या गळ्यातली बोरमाळ सावकाराकडे गेली. ती पुन्हा घरी आली नाही.

त्या रात्री जेवताना दादा एवढेच म्हणाले, "पाखरानं दगा दिला."

आई काही बोलली नाही. खाली मान घालून भाकरी वाढत राहिली.

पुढे मी परभणीला बी.एस्सी. (कृषी) झालो, नोकरीला लागलो, कृषी विस्तार अधिकारी झालो. दरवर्षी मे महिन्यात खरिपाच्या सभा असतात. प्रत्येक सभेत मी ही बोरमाळेची गोष्ट सांगत असे आणि शेवटी म्हणत असे, "मंडळी, पाखराच्या नादी लागू नका. पर्जन्यमापकाकडे पाहा." लोक माना डोलवायचे. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे. मला वाटायचे, आपण चांगले काम करतो आहोत.

पाखरांकडे मी नीट पाहायला लागलो तो हुमणीमुळे. एका गावात उसाची बेटेच्या बेटे हुमणीने वाळली होती. उन्हाळी नांगरट चालू होती, म्हणून मी बांधावर बसून राहिलो. नांगरामागून गायबगळे, कावळे, साळुंक्या चालत होत्या आणि ढेकळांतून वर आलेली पांढरी अळी टिपत होत्या. तुम्हीही पाहिले असेल, एरवी पांढराशुभ्र असणारा गायबगळा या दिवसांत डोक्यावर आणि मानेवर सोनेरी होतो. ती त्याची विणीची खूण. त्या दिवसापासून मी सांगू लागलो, की नांगरट सकाळी किंवा दिवस कलताना करा. तेव्हा पाखरे भुकेली असतात. ट्रॅक्टर रात्री घातला तर हे फुकटचे मजूर आपल्याला मिळत नाहीत.

मग एकेक पाखरू ओळखीचे होत गेले. माझा वैरी पावशाही मी शोधून काढला. तो सहजी दिसत नाही. दिसला तरी पुष्कळांना शिकराच वाटतो. तशीच राखी पाठ, तशीच पट्ट्यांची शेपटी. बारकी पाखरे त्याला पाहून घाबरतात. तो आहे मात्र कोकिळेच्या गोतातला. स्वतः घरटे बांधत नाही. अंगणात कलकलाट करीत सात-आठांच्या टोळीने उड्या मारणारे सातभाई असतात ना, त्यांच्या घरट्यात पावशाची मादी अंडे घालते. सातभाईंचे अंडे निळे, हिचेही निळे. सातभाई बिचारे परक्याचे पिलू आपले म्हणून वाढवतात.

आता विचार करा, तो ओरडतो कशासाठी? तो त्याचा विणीचा काळ आहे. नर आपल्या जोडीसाठी आणि आपल्या हद्दीसाठी ओरडतो. सातभाईंची घरटी या दिवसांत तयार होतात. पुढे पाऊस पडून पालवी फुटते, सुरवंट होतात, आणि केसाळ सुरवंट हे तर पावशाचे आवडते खाणे. म्हणजे पाऊसकाळ जवळ आला, एवढे तो खरेच सांगतो. पण पहिली सर कधी पडेल, तिच्यामागून दुसरी कधी येईल, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते आपले आपण पाहायचे.

एवढे कळूनही माझी बोरमाळेची गोष्ट चालूच होती. पाखराला ओळखले, पण माफ केले नव्हते.

२०२५ सालचा मे महिना तुम्हाला आठवत असेल. वळवाने महिनाभर झोडपले. मोसमी पाऊस मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमाराला येतो, तो त्या वर्षी २६ मे रोजीच दाखल झाला. गावोगाव एकच प्रश्न, "साहेब, पेरायचे का?" मी रजा काढून चार दिवस गावी गेलो होतो. शाळेला सुट्टी, म्हणून वाड्यातली सात-आठ पोरे रोज सकाळी माझ्याबरोबर रानात यायची. एकीच्या हातात वही असायची. दिसेल ते पाखरू तीत लिहायचे.

पहिल्या दिवशी तारेवर वेडा राघू दिसला. विहिरीवरच्या बाभळीत सुगरणीचा नर दिसला. त्याचे डोके हळदीने माखल्यासारखे पिवळे झाले होते. दुसऱ्या दिवशी चुलत्यांच्या वावरात टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून आम्हाला हैराण केले. नीट पाहिले तर उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये चार अंडी. रंग असा, की मातीत माती. तीन हातांवरूनही दिसू नयेत. उन्हे फारच तापली तर टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. हे मी सांगितले तेव्हा पोरे थक्क झाली. चुलते वखर घेऊन आलेच होते. ते म्हणाले, "महिनाभर हिनं काय माझं रान अडवावं व्हय?" पण वही धरलेल्या पोरीने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी मुकाट्याने दोन हातांचा तुकडा सोडून वखर फिरवला. पिले अंड्यातून निघाली की लगेच चालायला लागतात. मग ती जागा मोकळीच.

संध्याकाळी दुसरे काम. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे दिवस मावळल्यावर जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात. एकट्याने आपल्या बांधावरचे भुंगेरे मारून काही होत नाही, कारण शेजारच्या बांधावरचे उडून येतात. सगळे गाव एकदम उठले तरच उपयोग. म्हणून तरुण पोरांनी पाळ्या लावल्या. आकड्याने फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून कोणी डिझेल आणले. मोठी माणसे फांद्या हलवीत होती, लहान पोरे बॅटरीच्या उजेडात वेचत होती. तीन रात्रींत चार बादल्या भरल्या.

चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर सभा झाली. बायांनी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासून ठेवली होती. घरचे बी, शंभर दाणे मोजून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. बहुतेकांच्या बियांत सत्तरच्या वर कोंब निघाले होते. असे बी एकरी तीस किलो पुरते, हे मी सांगितले. तेवढ्यात एक तरणा शेतकरी उठला. म्हणाला, "साहेब, शिवेपलीकडच्यांनी पेरायला काढलंय. जमिनीत ओल आहे, पावशा ओरडतोय. आपण कशाची वाट बघायची?"

मी नेहमीप्रमाणे १९८२ सालची गोष्ट सांगितली. पाखरू, पेरणी, बोरमाळ. या खेपेला दादा पुढेच बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, काठी गुडघ्यांत धरलेली. ते माझ्याकडे पाहत होते आणि मधेच खाली पाहत होते.

सभा संपली. घराकडे जाताना ते वाटेत थांबले. म्हणाले, "ती गोष्ट आता सांगत जाऊ नको."

मी म्हणालो, "का हो दादा? खरीच तर आहे."

"खरी नाही. पाखरू काय त्याच दिवशी वरडत होतं व्हय? पाडव्यापासनं वरडतंय ते. वरच्या वावरात भावकीनं तिफण धरली. मला वाटलं, त्यांचं उगवल अन् आपलंच मागं राहील. तुझी आई म्हणत होती, थांबा, ओल अजून वीतभर बी नाही. चाड्यावर मूठ धरायच्या आधी तिनं माती उकरून दाखवली मला. मी ऐकलं नाही. मग कोणत्या तोंडानं सांगू? पाखरावर ढकललं."

मी काही बोलू शकलो नाही. आई जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. इतकी वर्षे गावोगाव मी तिची बोरमाळ सांगत फिरलो, पण ती बरोबर होती हे मला माहीतच नव्हते. तिने एकदाही बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी त्या तरण्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याला खरी गोष्ट सांगितली. त्याची बायको उंबऱ्याशी उभी होती. ती म्हणाली, "मी कालपासनं तेच म्हणते. माळाच्या रानात खुरप्याच्या टोकाला कोरडी माती लागती." तो हसला आणि बियाण्याची पोती पुन्हा आत नेऊन ठेवली.

पुढचे तुम्हाला माहीत आहेच. मे अखेरीस पावसाने ओढ दिली आणि पुन्हा जोर धरेपर्यंत जूनचा मध्य उलटला. आमच्या गावात माळावरच्या हलक्या रानात ज्यांनी आधी पेरले, त्यांची उगवण विरळ झाली. पोतीभर बी गेले. ते काही पावशामुळे गेले नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पावशा ओरडू लागला की एवढे करा. अवजारे पाहा, बियाण्याची उगवण तपासा, बीजप्रक्रियेचे औषध आणून ठेवा. 'पेरते व्हा' म्हणजे तयारीला लागा, असे समजा. पेरायचे मात्र पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. पर्जन्यमापक नसेल तर सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा. प्रत्येक पावसानंतर त्यातले पाणी पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. बेरीज साडेसात सेंटिमीटरवर गेली की हिशेब लागला. शिवाय रान उकरून वीतभर ओल आहे का ते पाहा, आणि घरात जिचा हात मातीत असतो तिला विचारा. औषध लावलेले बी मात्र बांधावर सांडू देऊ नका. सांडलेच तर मातीआड करा. ते खाऊन होले, चिमण्या मरतात.

आणि पोरांना एक वही द्या. पावशा पहिल्यांदा कधी ऐकला, टिटवीची अंडी कुठे दिसली, पाऊस किती मिलिमीटर झाला, हे सगळे एकाच वहीत लिहू द्या. आमच्या गावच्या वहीत जूनच्या पहिल्या आठवड्यात चातकाचीही नोंद झाली आहे. काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला, मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येणारा. तळ्याकाठच्या बाभळीत तो त्या पोरीलाच आधी दिसला.

मी अजून सभा घेतो. बोरमाळेची गोष्टही सांगतो, पण आता खरी सांगतो. दादांची तशी परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. पण तिचं नाव आधी घे."