उरलेलं पाणी

डिग्री केमिकलची, नोकरी आयटीतली. आमच्या बॅचमधे असे बरेच जण आहेत, त्यामुळे त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या शनिवारपर्यंत.

अण्णा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कॉलम चालवतात. मळीत पाणी घालून ती यीस्टने आंबवायची आणि कॉलममधे सोडायची. अल्कोहोल उकळतं ७८.४ अंशांना, पाणी १०० ला. म्हणून वर चढणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त, खाली उतरणाऱ्या द्रवात पाणी जास्त. प्रत्येक प्लेटवर वाफ आणखी थोडी शुद्ध होते. मी हे कॉलेजात ग्राफ पेपरवर पायऱ्या काढून शिकलो, मॅकेब-थिलीच्या १९२५ सालच्या पद्धतीने. अण्णा शिकले ते रात्रपाळीत, तापमानाच्या काट्याकडे बघत. माझी फी त्याच ओव्हरटाइममधून भरली गेली.

तर शनिवारी जेवताना अण्णा म्हणाले, "पेट्रोलमधे घालायच्या स्पिरिटसाठी नवीन युनिट लावलंय. ९९.५ टक्क्यांच्या वर लागतं म्हणे. मला सांग, त्यापेक्षा आमच्याच कॉलमला आणखी प्लेटा चढवल्या असत्या तर?"

हाच प्रश्न मला फायनल इयरच्या तोंडी परीक्षेत आला होता. तेव्हा "प्लेट्स वाढवायच्या" असं ठोकून दिलं होतं. ते चूक होतं एवढंच आठवत होतं, का चूक ते नाही! मी गप्प. अण्णांनी दोन घोट पाणी प्यायलं आणि विचारलं, "बाकी ऑफिस काय म्हणतंय?"

झोप येईना. माळ्यावरून जुनी वही काढली.

सकाळी चहाबरोबर कागद घेऊन बसलो. "अण्णा, वजनाने ९५.६ टक्क्यांना पोचलं की ते ७८.२ अंशांना उकळतं, आणि तिथे वाफेत जेवढं अल्कोहोल तेवढंच द्रवात. फरकच उरला नाही तर वेगळं काय होणार? शंभर प्लेटा लावा, आकडा तिथेच. याला अझिओट्रोप म्हणतात. म्हणून नव्या युनिटमधे उकळण्याच्या फरकावर भरवसाच ठेवत नाहीत. ती वाफ झिओलाइटच्या मण्यांमधून नेतात. मण्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत अडकतो. अल्कोहोलचा मोठा, तो शिरतच नाही, पुढे निघून जातो."

"म्हणजे चाळण."

"चाळणच, पण उलटी. बारीक ते अडकतं."

"हां... आणि मणी पाण्याने भरले की ती टाकी वाळवायला घ्यायची, दुसरी चालू करायची. ते मी रोज करतोय की. कशासाठी, ते कुणी सांगितलं नव्हतं."

अण्णांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. "पाळीवरच्या पोरांना दाखवतो."

पुढच्या खेपेला मला त्यांचा कॉलम दाखवणार आहेत. चार वर्षं ग्राफवर काढला, त्यांचा चालू असलेला मात्र एकदाही पाहिला नाही.