रात्रीचे सर

2015 चा जुलै. भातलावणीचे दिवस. पहाटे साडेतीनच्या सुमाराला आंदर मावळातून आलेला एक पिकअप तळेगावातल्या आमच्या हॉस्पिटलच्या दारात थांबला. त्यातून विशी-बाविशीची एक मुलगी उतरवली, पोट धरून कण्हत होती. दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेली, रात्री जेवून झोपलेली, आणि दोनच्या सुमाराला पोटात कळा येऊन उलट्या. बीपी ठीक, नाडी ठीक, पोट मऊ. मी इंजेक्शनं लिहिली, सलाईन लावायला सांगितलं, केसपेपरवर ‘गॅस्ट्रायटिस’ असं लिहिलं आणि ड्यूटी रूमकडे वळले. एमबीबीएस झालं होतं, बाँडचं वर्ष आरोग्य केंद्रात काढून झालं होतं, आणि आता रात्रपाळी करत मी पीजीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होते. टेबलावर पुस्तक उघडंच होतं.

तेवढ्यात रात्रीचे सर आयसीयूचा राउंड संपवून खाली आले. जाता जाता त्या मुलीच्या खाटेपाशी थांबले आणि तिच्या भावाला त्यांनी विचारलं, “खाली झोपली होती का?”

“हो. आम्ही सगळेच खाली झोपतो.”

सरांनी तिला वर बघायला सांगितलं. डोळे वर गेले, पापण्या मात्र अर्ध्यावरच राहिल्या. “थुंकी गिळता येतेय का ताई?” तिनं मान हलवली. नाही.

“मण्यार,” सर मला हळू आवाजात म्हणाले. “दहा वायल काढा. ट्यूबचा ट्रे उघडून ठेवा.”

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं बहुतेकदा कळतही नाही. दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. माणूस पोटदुखीनं जागा होतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बसतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष, एएसव्ही, चालतं, हेही ठाऊक होतं. पुस्तकात मात्र हा धडा ‘सर्पदंश’ या मथळ्याखाली होता, आणि माझ्यासमोर आलेली मुलगी ‘पोटदुखी’ या मथळ्याखाली आली होती.

फ्रीजमध्ये दहाच वायल होत्या. त्या तासाभरात दिल्या. पाचच्या सुमाराला तिचं सॅच्युरेशन उतरायला लागलं आणि मी ट्यूब टाकली. आमचा एकुलता व्हेंटिलेटर दुसऱ्या रुग्णाला लावलेला होता. 108 ची रुग्णवाहिका मागवली आणि देहूरोड, निगडी, पिंपरी करत पुण्यापर्यंत मी आणि तिचा भाऊ आळीपाळीनं अंबू बॅग दाबत राहिलो. शाळा अर्धवट सोडलेल्या त्या मुलाला मी गाडीत बसल्या बसल्या शिकवलं, दाब, सोड, आता थांब. त्यानं एकदाही लय चुकवली नाही. सहा दिवसांनी तिची ट्यूब निघाली. दिवाळीआधी भाऊ इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आला, तेव्हा सरांची पाळी नव्हती. मग पिशवी माझ्या हातात पडली.

सर बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचे डॉक्टर. कामशेतहून लोकलनं यायचे, रात्री आठला ओव्हर, म्हणजे रुग्णांचा ताबा, घ्यायचे आणि सकाळी आठला ओव्हर देऊन परत लोकल पकडायचे. 2004 पासून हाच क्रम. पुणे-मुंबईकडची छोटी-मध्यम खाजगी हॉस्पिटलं रात्री कोणाच्या जिवावर चालतात, हे आमच्या व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. दिवसा कन्सल्टंट राउंडला येतात, रात्री फोनवर असतात. खाटेपाशी उभा असतो तो आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणि तो बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. एक्स्प्रेसवेवरचा अपघात त्याच्याच हातात येतो. तणनाशक प्यालेला शेतकरी, छाती दाबून बसलेला कंपनी कामगार, लोणावळ्याहून पुढे पाठवलेला पर्यटक, सगळे आधी त्याच्याकडे. तो काय बघतो, काय चुकवतो आणि कन्सल्टंटला फोनवर काय सांगतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

अमेरिकेत 1996 साली वॉक्टर आणि गोल्डमन या दोन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून अशा कामाला नाव दिलं, ‘हॉस्पिटलिस्ट’. ज्याचं सगळं काम दाखल रुग्णांपाशी असतं असा डॉक्टर. नाव मिळालं आणि पाठोपाठ हुद्दा, प्रशिक्षण, बढती, संघटना हे सगळं उभं राहिलं. आपल्याकडे काम तेच, पण नाव ‘ड्यूटी डॉक्टर’. पहिल्या दिवशीही तेच आणि एकोणिसाव्या वर्षीही तेच.

मी मात्र पुढे गेले. 2018 साली मेडिसिनला प्रवेश मिळाला. तीन वर्षं पुण्यात काढली, त्यातलं शेवटचं वर्ष कोविडनं गिळलं. 2021 मध्ये उन्हाळ्यातली लाट ओसरल्यावर नोकरी शोधायला लागले, तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयानं बोलावलं. पगार चांगला होता. चौथ्या महिन्यात एका बैठकीत माझ्यासमोर एक तक्ता ठेवला गेला. मी किती रुग्ण दाखल केले, किती तपासण्या लिहिल्या, आयसीयूतून किती लवकर बाहेर काढले. शेवटच्या रकान्याला लाल रंग दिला होता, कारण माझे रुग्ण आयसीयूत ‘पुरेसे’ राहत नव्हते. मी राजीनामा दिला. घरी आई-बाबांना ते पटलं नाही. एवढं शिकून तळेगावात परत का, असं बाबांनी दोन-तीनदा विचारलं. माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते रात्रीच्या सरांचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि त्यांचं नाव घेऊन बाबांना काही कळलं नसतं.

परतले तेव्हा सर होते तिथंच होते. फरक एवढाच की आता ते मला फोन करून विचारत होते आणि मी सांगत होते. पहिल्या आठवड्यात मला हे सहन होईना. मी त्यांना म्हटलं, सर, फोनवर तुम्ही आधी तुमचा अंदाज सांगा, मग मी बोलेन. तेव्हापासून आम्ही ओव्हर खाटेपाशी उभं राहून घ्यायला लागलो. आठ वाजता, वीस मिनिटं, येणारे-जाणारे दोघेही हजर. सरांनी एक वही घातली. लावणीच्या दिवसांत ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखणं असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरून चाला. तोंडाला लसणासारखा वास आणि बाहुल्या टाचणीएवढ्या असतील तर फवारणीचं औषध पोटात गेलंय, नातेवाईक काहीही सांगोत. रात्रीची पोटदुखी आली की खाली झोपलात का ते विचारा. वही त्यांच्या अक्षरात होती, गोल आणि सुटं.

नातेवाइकांशी बोलायची पद्धतही त्यांचीच. 2010 सालच्या कायद्यानं डॉक्टरवर हल्ला करणं गुन्हा ठरलं, आणि तो कागद आमच्या भिंतीवर लावलेला आहे. पण इंद्रायणीत बुडालेल्या मुलाला घेऊन पंधरा मित्र ओल्या कपड्यांनी आत शिरले, तेव्हा त्या कागदाकडे कोणी पाहिलं नाही. मुलगा आणला तेव्हाच गेलेला होता. रिसेप्शनची काच फुटली. सरांनी त्या मुलांना एकेकाला खाली बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्यातल्या एकाला आत घेऊन आम्ही काय काय केलं ते मॉनिटरसमोर दाखवलं. आयसीयूतल्या प्रत्येक रुग्णामागे एकच नातेवाईक ठरवायचा आणि दर चार तासांनी त्याच्याशी बोलायचं, बातमी वाईट असली तरी आणि नवीन काही नसलं तरी. हा आमचा नियम त्या रात्रीपासूनचा.

एवढं सगळं येणाऱ्या माणसाला वर चढायला पायरी नव्हती. 2014 साली राज्यानं कायदा बदलला आणि होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. सरांनी पंचेचाळिशीत, रात्रपाळी सांभाळून तो पूर्ण केला. प्रमाणपत्र फ्रेम करून कामशेतच्या घरात लावलं. पगारात फरक पडला नाही. त्या अभ्यासक्रमाच्या नोंदणीवरून 2025 मध्ये मोठा वाद झाला, आमच्या एमबीबीएसवाल्यांनी विरोध केला. एका वर्षाच्या अभ्यासावर कोणी एकट्यानं आधुनिक औषधं लिहावीत, हे मलाही मान्य नाही. पण रात्री बारा तास त्यांच्याच भरवशावर आयसीयू सोडून घरी झोपायचं आणि सकाळी त्यांच्या पात्रतेवर भाषण करायचं, हे मला जमणार नाही. देखरेखीखाली काम, नीट प्रशिक्षण, ठरावीक वर्षांनी परीक्षा आणि त्यानुसार हुद्दा, एवढी व्यवस्था करायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही. ती कोणी मागतच नाही, कारण आरएमओंची बाजू बैठकीत मांडणारं कोणी नसतं.

आम्हाला कायम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण दिलं जातं. आरोग्य केंद्रात विंचूदंशानं माणसं मरताना पाहून त्यांनी त्यावर संशोधन केलं, 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या मनात त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांनाही मधे पुण्यात येऊन एमडी करता आलं, हे सांगणारे विसरतात. तालुक्याच्या ठिकाणी राहून मोठं काम करायला बुद्धी आणि जिद्द लागतेच, शिवाय एक उघडं दार लागतं.

2023 च्या मार्चमध्ये सरांनी नोकरी सोडली. पुण्यातल्या एका कार्यालयात विम्याचे दावे तपासायचं काम. दिवसाची वेळ, रविवार सुट्टी, पगार जवळजवळ दीडपट. मुलगी बारावीला होती. थांबा म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. शेवटच्या सकाळी त्यांनी नेहमीसारखाच ओव्हर दिला. सात नंबरच्या आजींना घरून आणलेली पेज आवडते, नळीतून देताना थोडी पातळ करा, हे शेवटचं वाक्य. मग वही माझ्या हातात दिली आणि साडेआठच्या लोकलला गेले.

त्यानंतर मी व्यवस्थापनाला एक पानी प्रस्ताव दिला. आरएमओंचे तीन हुद्दे, दर तीन वर्षांनी मूल्यमापन, वर्षाला पंधरा दिवस शिकण्याची पगारी रजा. हुद्दे मान्य झाले. रजा सात दिवसांची मिळाली. पगाराचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं, आणि ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. मी दर एप्रिलला तोच कागद तारीख बदलून परत देते. फ्रीजमध्ये आता कायम तीस वायल असतात आणि व्हेंटिलेटर चार आहेत.

गेल्या जुलैत, बुधवारी रात्री पावणेतीनला माझा फोन वाजला. वॉर्डचा असेल म्हणून उठून बसले. सर होते.

“झोप लागत नाही हो मॅडम, अजून या वेळेला जाग येते. दोन दिवस पाऊस लागलाय, वडेश्वरच्या वरच्या अंगाला लावणी सुरू झाली असेल. एएसव्ही किती आहे?”

“तीस.”

“नवीन पोरगा कोण आहे रात्री?”

मी नाव सांगितलं.

“त्याला विचारा, वही वाचली का.”