सातवी फळी

भाऊबिजेला मी दर वर्षी डोंबिवलीहून पुण्याला ताईकडे जातो. ती मंडईपासून चालत पाच मिनिटांवर राहते. ओवाळण्याआधी दोघांनी मिळून भाजी आणायला जायचे आणि तिथे कशावरून तरी भांडायचे, हा आमच्या बिजेचा ठरलेला कार्यक्रम. ताईने सत्तरी ओलांडली, माझ्या डोक्यावर एक केस उरला नाही, तरी त्यात खंड पडलेला नाही.

भांडणाचे मूळ कल्याणात आहे. तिथल्या जुन्या बाजारात अण्णांचे किराण्याचे दुकान होते. कल्याणचा बाजार काही कालचा नव्हे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. ठाण्याहून आगगाडी इथे आली तीच मुळी १८५४ साली. त्या मानाने आमचे दुकान पोरवयाचे, पणजोबांनी बांधलेले. पुढे दगडी ओटा, वर मंगळुरी कौले, आत सागवानी माळा. दाराला लोखंडी शटर नव्हते. अकरा फळ्या होत्या आणि प्रत्येकीवर गेरूने आकडा घातलेला होता. सकाळी त्या क्रमाने काढायच्या, रात्री उलट क्रमाने लावायच्या. सातवी फळी पावसाळ्यात फुगे आणि गुडघा मारल्याशिवाय खाचेत बसत नसे. तो गुडघा मारण्याचे काम माझे. लक्ष्मीपूजनाला अण्णा नव्या चोपडीवर स्वस्तिक काढीत आणि मला शेजारी बसवून घेत. पुढे ही गादी माझीच, हे मी तेव्हाच धरून चाललो होतो.

१९७१ साली ताईला पुण्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पुढल्या वर्षी अण्णांनी दुकान विकले. फी फार नव्हती; पण वसतिगृह, पुस्तके, शिवाय डोक्यावर जुने कर्ज. घेणाऱ्याने काही वर्षांनी ते पाडून तिथे तीन मजली इमारत उठवली. अण्णा दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहू लागले. मी मुंबईच्या एका कचेरीत चिकटलो आणि चौतीस वर्षे लोकलची कडी धरून उभा राहिलो.

गेल्या बिजेला मंडईत शिरताना मला हे सारे पुन्हा आठवले. इमारत आहेच तशी. मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर उंच मनोरा, दगडी कमानी, आणि खाली कोथिंबिरीचा ओला वास. आता तर तिच्या पोटाखालून मेट्रो धावते. मी म्हणालो, "बघ ताई, भाजीच्या दुकानांचीच ना ही इमारत? पण वारसा म्हणून यादीत नाव लागले. आपलेही दुकान राहिले असते, तर कुणी सांगावे!"

ताई लिंबे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ही बांधू नका म्हणून कोण सांगत होते, ठाऊक आहे? जोतीराव फुले."

मला ठाऊक नव्हते. परत आल्यावर चरित्र उघडून पाहिले. पूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर विकली जाई. नगरपालिकेने मोठी मंडई बांधायचे मनावर घेतले. फुले १८७६ ते १८८२ पालिकेचे सभासद होते. एवढा पैसा दगडाविटांत घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. माणूस या बाबतीत मोठा हट्टी. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून पालिकेने हजार रुपये स्वागतासाठी काढले, तेव्हा तेही गरीब मुलांच्या शिक्षणाला द्या म्हणत बत्तीस सभासदांत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. मंडई अर्थात झालीच. १८८६ साली ती उघडली आणि गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्याने नको म्हटले, त्याचेच नाव! इमारत मात्र देखणी आहे, हे मी फुल्यांची क्षमा मागून म्हणतो.

पण हे सारे नंतरचे. मंडईत मी एवढेच म्हणालो, "म्हणजे अण्णांनी केले ते योग्यच, असेच ना तुझे म्हणणे? तुझ्या संमतीनेच तर विकले."

ताईने लिंबे परत टोपलीत ठेवली. "माझ्या संमतीने? मी सुट्टीत घरी आले, तर पाटीवर दुसऱ्याचे नाव. अण्णांना म्हटले, मला विचारायचे तरी होते. तर म्हणाले, विचारले असते तर तू नको म्हणाली असतीस."

पन्नास वर्षे मी उलटेच समजत होतो. भाजीवालीने विचारले, "लिंबं घ्यायची का नाय?" मी डझनभर घेतली, घासाघीस केली नाही. ताई त्यावरूनही रागावली.